डावे पंजे

५ मार्च

निता,

एरवी मी वर जयभीम लिहिलं असतं, तू वाचताना जय सेवालाल म्हटलं असतंस आणि पुढे गेली असतीस. आज दोन्ही राहू दे. आधी एका प्रश्नाचं उत्तर दे. माझं नाव कोणी सुचवलं?

शाळेच्या व्हरांड्यात बैठक झाली तेव्हा तू माझ्या शेजारीच होतीस. सपना मॅडम हिंगोलीहून आल्या होत्या. हळदीची कंपनी काढायची, संचालक सगळ्या बायाच, अध्यक्षही बाईच, हे त्यांच्या संस्थेचं म्हणणं आपण कधीपासून ऐकत होतो. आणि अध्यक्ष तूच होणार, हे गावाला ठाऊक होतं तसं तुमच्या तांड्यालाही ठाऊक होतं. बायांचा गट तू उभा केलास. ओढा ओलांडून आमच्या वस्तीत पहिल्यांदा तूच आलीस. आणि मॅडमनी नाव वाचलं ते ज्योती रत्नपाल असं. टाळ्या वाजल्या. तू वाजवल्यास की नाही ते मला माहीत नाही, कारण तुझ्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवशी ओढ्यावर गेले तर कळलं, निता गेली, लेकीकडे चाकणला.

न सांगता गेलीस. इतक्या वर्षांत तू शिरडच्या बाजाराला जाताना सुद्धा मला हाक मारायचीस.

फोन का केला नाही म्हणशील, तर केला. तुझ्या मालकांनी, देविदास भाऊंनी उचलला. म्हणाले, ती फोन इथंच ठेवून गेली. लेकीकडे निघालेली बाई फोन घरी ठेवून जाते, हे मला पटत नाही. तुझ्या शितलचा नंबर मागितला तर म्हणाले, तिला सध्या तकलीफ देऊ नका. आता एका फोनने कसली तकलीफ होते? शेवटी पत्ता रूपाबाईंकडून घेतला. पत्ता देताना तुझी ही जाऊ जरा जास्तच गप्प होती. एवढी गप्प ती जेवतानाही नसते.

बैठकीत मला पहिला हार कोणी घातला माहीत आहे ना? ग्यानबांनी. सोसायटीची खुर्ची ज्यांनी मरेपर्यंत सोडणार नाही म्हटलं होतं, त्या ग्यानबांनी. वर म्हणाले, बेण्याचा ढीग माझ्या विहिरीजवळ चिंचेखाली लावा, सावली दाट आहे. ज्या माणसाने चिंचेखाली पडलेला आकडा आपल्याला कधी उचलू दिला नाही, तो सावली फुकट देतो म्हणजे काहीतरी नक्की आहे. आमचे हे म्हणतात, तुला हार घातला तरी त्यात काटा शोधशील. शोधणारच. दुधाने तोंड पोळलेल्या माणसाने ताक फुंकून प्यावं.

तुला राग आला असेल तर तसं लिही. मला खुर्ची नको होती. पण मिळाली तर कोणी दिली आणि का दिली, हे कळल्याशिवाय मी तिच्यावर टेकून बसणार नाही.

तुझी,
ज्योती

ता.क. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा उघडून वाचलं. 'खुर्ची नको होती' हे अगदी खरं नाही. थोडी हवी होती. पण तुझ्याकडून काढून घेतलेली नको होती.


२२ मार्च

निता,

उत्तर नाही. पोस्टमन मुंजाजीला दोनदा विचारलं. तो म्हणतो, आजकाल पत्र येतंच कोणाला. तो खरं बोलतो की मध्येच कुठे टाकून देतो, देव जाणे.

तरीही लिहिते, कारण ढीग लागला. आपण बायांनी मिळून घेतलेल्या वावरासाठीचं हे पहिलं बेणं. घरोघरची काढणी झाली, हळकुंडं शिजवायला गेली आणि बेण्याचे गड्डे आम्ही एकेक हातात घेऊन निवडले. कुजका, कापलेला, कोंब मोडलेला एकही घेतला नाही. चिंचेखाली ढीग रचला, वर हळदीचा वाळका पाला, पाल्यावर बारदान आणि भोवतीने शेणामातीचं लिंपण. वारा खेळायला टोकाशी तोंड ठेवलं. तू शिकवलंस तसंच लिंपण ओलं असताना प्रत्येकीने आपला उजवा पंजा उमटवला. झाकलं की लावणीच्या दिवसापर्यंत कोणी हात लावायचा नाही, उन्हाळ्याची झळ आत गेली की बेणं मेलं, हेही सगळ्यांपुढे पुन्हा सांगितलं. सांगितलं मीच. अध्यक्ष मी ना.

माझा पंजा लांबूनही ओळखू येतो. कडबा कुट्टीच्या यंत्रात करंगळी गेल्यापासून उजव्या हाताची चारच बोटं. त्याच्या शेजारी मी तुझ्यासाठी जागा सोडली होती. तर रूपाबाई आल्या, आपला एक पंजा उमटवून झाला होता तरी तिथे दुसरा दाबला. मी विचारलं, हा कोणाचा? म्हणाल्या, 'असू दे, मागून कळंल.' मागून का? आत्ता का नाही? मी काही बोलले नाही, पण ध्यानात ठेवलंय.

कंपनीच्या कागदांसाठी एका कार्यालयात जाऊन आले. हे गाडीवर घेऊन आले होते. खुर्चीत बसलेले साहेब सगळे प्रश्न यांनाच विचारत होते. गटात किती बाया, बेणं कोणतं, पाणी कुठून. शेवटी हे म्हणाले, 'साहेब, म्या गाडी चालवायला आलो. अध्यक्ष ह्या हायेत.' साहेब हसले आणि पुढचा प्रश्न पुन्हा यांनाच विचारला. मग मी खुर्ची ओढून दोघांच्या मध्ये बसले. काम झालं. परत येताना हे फार खूश होते. का खूश होते, त्याचा विचार मी औंढ्यापर्यंत केला.

वारंगा फाट्यावर तो पंपवाला भेटला. आठवतो ना? जुन्या फवारणी पंपांना नवा रंग मारून गटाच्या गळ्यात बांधायला निघाला होता, आणि मी बांगडीने खरवडून आतला गंज दाखवला होता. तू ओढ्यापर्यंत हसत आली होतीस. त्याने मला बघून दुकानात पाठ फिरवली. बरं वाटलं.

राखणीची पाळी मी लावून दिली आहे. दिवसा दोघी दोघी. एक तांड्याची, एक गावची. म्हणजे एकमेकींवर लक्ष राहील. सपना मॅडम म्हणाल्या, छान, दोन्हीकडच्या बाया मिसळतील. मी म्हटलं, हो, तेच.

ज्योती

ता.क. पुन्हा उघडलं. 'उत्तर नाही' असं कोरडं लिहिलं. मी रोज वाट बघते.


९ एप्रिल

निता,

ढीग कमी होतोय.

झाकला त्या दिवशी त्याचं टोक माझ्या हनुवटीला लागत होतं. आता गळ्याखाली आलंय. यांना दाखवलं तर म्हणाले, 'ढीग बसतोच. नवं घर बी बसतंय.' घर बसतं ते मला माहीत आहे, पण घरातून कोणी रोज टोपलीभर विटा नेत नसेल कशावरून?

गावात कोणाकडे बेणं कमी पडलंय, याची मी गुपचूप चौकशी केली. ग्यानबांकडे पडलंय. चिंच त्यांची, विहीर त्यांची, मोटर चालू करायला ते दिवसाआड येतात. पण राखणीच्या बाया समोर असताना ते एकटे कसे नेतील? म्हणजे आतलं कोणीतरी सामील हवं. तुमच्या घरीही यंदा हळद वाढवायची आहे, देविदास भाऊ लावणीसाठी वावरात बेड पाडताना दिसले. रूपाबाईंची राखणीची पाळी आली की त्या सोबतच्या बाईला म्हणतात, तू जा घरी, लेकरू रडत असंल, मी हाये. एवढी माया कशासाठी?

सपना मॅडमवरही माझं लक्ष आहे. येतात आणि ढिगाचे फोटो काढतात. गेल्या खेपेला मला म्हणाल्या, ज्योतीताई, तुम्ही विचार खूप करता, थोडा बायांवर सोपवा. मी म्हटलं, मॅडम, सोपवलं की कुंपण शेत खातं. त्या त्यांच्या वहीत काहीतरी लिहून गेल्या.

तुला म्हणून सांगते, मी फक्त एकदाच बघितलं. भर दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं आणि राखणीच्या दोघी समोर पेंगत होत्या तेव्हा. समोरून नाही, मागच्या अंगाने, विहिरीकडून. वीतभर लिंपण काढलं, बारदान सरकवलं, पाला बाजूला केला आणि हात घातला. गड्डे होते. मग आणखी आत हात घातला, तिथेही होते. पुन्हा सगळं जसंच्या तसं लावलं, शेणमातीने लिंपलं आणि वर पंजे उमटवले, म्हणजे बाकीच्या बाजूंसारखं दिसावं. उजवा हात उमटवला असता तर चार बोटांवरून लगेच कळलं असतं, म्हणून डावा वापरला. एवढी अक्कल मला आहे.

तू असतीस तर हे करायची वेळ आली नसती. तू असतीस तर तुझ्यावर तरी माझा विश्वास होता. होता असं लिहिलं, ते तसंच राहू दे. तू न सांगता गेलीस.

ज्योती


१७ एप्रिल

निता,

जयंतीला मला स्टेजवर बसवलं. खरंच. पंचशील झालं, पोरांची भाषणं झाली आणि मग माईकवर नाव घेतलं, हळद कंपनीच्या अध्यक्षा. चांगुणा आत्या, माझी चुलत सासू, पुढच्या रांगेत पदराने डोळे पुसत होती. तांड्यावरच्या बायाही आल्या होत्या, मागे उभ्या होत्या. मी बोलले. वावरात खुरपं बाईचं, निंदण बाईचं, काढणी बाईची, मग बेणं कोणतं लावायचं हे ठरवताना बाई चुलीपुढे का? एवढंच बोलले. खाली उतरले तेव्हा वाटलं, आता तू समोरून येशील आणि म्हणशील, लई बोललीस गं. गर्दीत मी खरोखर शोधलं.

जयंतीचं एवढं लिहिलं, कारण पुढचं लिहायला हात धजत नाही.

दुसऱ्या दिवशी बैठक घेतली. ढीग आणखी उतरला होता, छातीपर्यंत. मी सगळ्यांसमोर म्हटलं, ढिगातून बेणं जातंय, कोणाला काही माहीत असेल तर सांगा. मग माझ्या तोंडून निघून गेलं, की ज्या बाया सोबतिणीला घरी पाठवून एकट्या थांबतात, त्यांनी सांगावं. नाव घेतलं नव्हतं. रूपाबाई उठल्या. मी म्हटलं, मी कोणाचं नाव घेतलं नाही, चोराच्या मनात चांदणं.

तो शब्द तोंडातून जायला नको होता. गेला.

रूपाबाई ओरडल्या नाहीत. जवळ आल्या आणि हळू म्हणाल्या, 'ज्योते, तुला राखायला बसवलं व्हतं, बेणं. तू आमालाच राखून राहिली.' एवढं बोलून त्या गेल्या. तांड्यावरच्या सगळ्याजणी त्यांच्या मागे गेल्या. आमच्या वस्तीतल्या काही बसल्या, पण त्याही माझ्याकडे बघत नव्हत्या. चांगुणा आत्या म्हणाली, 'काहून गं असं केलंस?' पण गुन्हेगारच आधी उठून जातो, असंही मनात येत होतं. आजही थोडं येतं.

आता राखणीला कोणी येत नाही. मी एकटीच जाते. ऊन असं आहे की पाखरंही चिंचेच्या बुंध्याला चिकटून बसतात. एका अर्थी बरं आहे. एकटी असले की चोर कोण, याचा प्रश्न उरत नाही.

फक्त ढीग अजून उतरतोच आहे.

मागच्या पत्रात एकदाच बघितलं असं लिहिलं होतं. ते खरं नाही. अधूनमधून बघते. मागच्या बाजूने, कधी खालून, कधी जरा वरून. बघितलं नाही तर जेवण जात नाही. लगेच लिंपते. पंजेही उमटवते.

निता, तू उत्तर का देत नाहीस? तुझं माझ्याशी वैर असेल तर तसं सांग. वैर मला कळतं. ही गप्प बसायची रीत कळत नाही.

ज्योती

ता.क. उघडून वाचलं आणि फाडायला निघाले होते. यांनी हातातून घेतलं आणि म्हणाले, पाठव. वाचलं असेल का त्यांनी?


६ मे

निता,

तुझं पत्र मिळालं. मुंजाजीने आणून दिलं तेव्हा मी आधी पाकीट उन्हात धरून बघितलं, कोणी उघडलं होतं का. सवय.

चारच ओळी. पण अक्षर तुझंच. इतक्यांदा वाचल्या की पाठ झाल्यात. तू लिहिलंस, 'तुजं नाव म्याच दिलं. मॅडमला म्हनलं, ज्योती कोनावर भरवसा ठेवत न्हाई म्हनून तिला कोनी फसवनार न्हाई. म्या तर लगेच फसते. शितलला दिवस हायेत, आधी दोनदा गेलं, म्हनून डाक्टरनं झोपून ऱ्हा म्हनलं आन म्या कोनाला न सांगता आले. आमच्यात झाकलेलं झाकूनच ठेवतेत, ज्याचा त्यो दिस उजाडला की उघडतेत.'

आधी मला राग आला. खोटं कशाला लिहू? दोन महिने मी सगळ्या गावाची झडती घेतली आणि नाव देणारी माझ्या शेजारी मांडी घालून बसली होती. मला नाही सांगितलंस. देविदास भाऊंना माहीत, रूपाबाईंना माहीत, त्यांनी पत्ता देताना तोंड मिटून घेतलं ते यासाठी. आणि फोन तू ठेवून गेलीस, कारण फोन लागला असता तर मी विचारून विचारून शितलचं तुझ्याकडून काढून घेतलं असतं. घेतलं असतंच. मग दोघी रडलो असतो आणि संध्याकाळपर्यंत वस्तीत कळलं असतं.

राग ओसरल्यावर मी ती ओळ पुन्हा वाचली. कोणावर भरवसा ठेवत नाही म्हणून. ज्या गोष्टीवरून मला माझ्या सासूने, नवऱ्याने, चांगुणा आत्याने आजवर नावं ठेवली, त्याच गोष्टीसाठी तू मला खुर्ची दिलीस. मला कधी कोणी असं काही दिलं नव्हतं.

मी पत्र घेऊन ढिगाकडे गेले. ठरवलं होतं, नुसतं बसायचं. बसले. मग हात गेलाच. मागचं लिंपण काढलं, गड्डा बाहेर काढला. हातात हलका लागला. साल सुरकुतलेली, डोळे वाळलेले. दुसरा काढला, तसाच. पहिला विचार काय आला सांगू? कोणीतरी चांगलं बेणं नेऊन सुकं भरलंय.

हा विचार मी बराच वेळ धरून बसले. मग समोर गेले. समोरचं लिंपण घट्ट होतं, सगळ्यांचे पंजे तसेच होते, माझा चार बोटांचा, त्याच्या शेजारी रूपाबाईंचा तो दुसरा. तिथे मी हात लावला नाही. टोकाच्या तोंडातून समोरच्या अंगाला हात सोडला. तिथले गड्डे गार होते, जड होते. बोटाला फुगलेला डोळा लागला. सुकलं होतं ते फक्त मागे. जिथे मी उघडत होते तिथे.

ढीग कोणी नेला नाही, निता. गड्ड्यातलं पाणी गेलं, म्हणून ढीग उतरला. उतरला म्हणून मी बघितलं. बघितलं म्हणून आणखी उतरला.

हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. सांगणार आहे की नाही, तेही माहीत नाही. मागचं सुकं बेणं काढून टाकून त्या जागी माती भरता येईल. कोणाला कळणार नाही. हा विचार आला, म्हणून तुला सांगते.

ज्योती


४ जून

निता,

लावणी झाली. जेवढी झाली तेवढी.

मी माती भरली नाही. बायांना निरोप धाडला, ढीग उघडायचा आहे, सगळ्या या. तांड्यावर मी स्वतः गेले. रूपाबाईंच्या दारात उभी राहिले. त्यांनी पाणी दिलं. मी म्हटलं, 'त्या दिवशी म्या बोलले ते चुकलं. उद्या ढिगाजवळ या, बाकीचं तिथं सांगते.' त्या 'बरं' म्हणाल्या. येतील असं मला वाटलं नव्हतं. आल्या, सगळ्यांना घेऊन आल्या.

सपना मॅडम आल्या होत्या. ग्यानबा मोटरच्या खोलीपाशी उभे होते, आमचे हे त्यांच्या शेजारी. समोरून उघडायला सुरुवात केली. लिंपण फोडलं, पाला काढला, आणि कच्च्या हळदीचा तो वास आला ना, कोणीतरी 'आहाहा' म्हणालं. गड्डे टणक, डोळे फुटायला आलेले. बायांचे चेहरे उजळले. मला त्या क्षणी गप्प बसावंसं वाटलं, हेही लिहिते.

रूपाबाई टोपली घेऊन मागे गेल्या. बराच वेळ परत आल्या नाहीत, म्हणून सगळ्या तिकडे गेल्या. त्या लिंपणाकडे बघत उभ्या होत्या. आपला उजवा हात त्यांनी एका पंजावर ठेवून बघितला, बसला नाही. मग डावा ठेवला. म्हणाल्या, 'इकडचे सम्दे डावेच कसे?'

मागची बाजू खालपासून वरपर्यंत डाव्या पंजांनी भरली होती. मी एकेक करून उमटवत गेले, एकत्र कधी बघितलेच नव्हते. डाव्या हाताने पंजा उमटवायचं कारण आपल्या गटात एकाच बाईला आहे. सगळ्यांच्या नजरा माझ्या चार बोटांवर आल्या.

मी म्हटलं, 'माझे हायेत.'

मग सगळं सांगितलं. चोर नव्हता. मी उघडत होते, मी झाकत होते, झळ आत गेली, मागचं बेणं मेलं. रूपाबाईंवर आळ घेतला तेव्हाही मीच उघडत होते. कोणी शिव्या घातल्या असत्या तर सोपं गेलं असतं. मॅडमनी फोटोसाठी फोन काढला होता तो खाली घेतला. मी म्हटलं, मॅडम, मागचाही काढा, तुमच्या संस्थेत दाखवा.

तेवढ्यात ग्यानबा तिकडून म्हणाले, बायांच्या हाती कारभार दिला की हेच व्हायचं. मला वाटलं, यासाठीच त्यांनी सावली दिली होती. आणि त्यांच्याशी भांडायला माझ्याकडे तोंड नव्हतं. रूपाबाई वळल्या आणि म्हणाल्या, 'ग्यानबा भाऊ, बेणं आमचं हाय. सुकलं बी आमचं. तुमी मोटर बघा.' ते खरोखर मोटर बघायला गेले. आमचे हे तोंडावर हात धरून हसत होते.

मी म्हटलं, दुसरी अध्यक्ष निवडा. खरंच म्हटलं, मानभावीपणा नव्हता. बाया एकमेकींकडे बघू लागल्या. चांगुणा आत्याने माझ्याकडे पाठ केली आणि टोपली भरायला लागली. तुमच्या तांड्यावरच्या दोघी म्हणाल्या, व्हय, बदलाच. मग रूपाबाई खाली बसल्या, एक सुका गड्डा उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, 'खुर्ची टाकून पळायचं न्हाई. पुढल्या साली ढीग झाकला की तू हिकडं फिरकायचं न्हाई, लावणीलाच यायचं. तवर यापाऱ्याकडं जा, हाफिसात जा, त्या पंपवाल्याकडं जा. तिथं बघ काय खरवडायचं त्ये. आमच्यावर नगं.'

त्या दोघी अजून माझ्याशी बोलत नाहीत. बोलतील किंवा नाही बोलणार. लावणीला मात्र आल्या होत्या.

चांगलं बेणं अर्ध्या वावराला पुरलं. उरलेल्या अर्ध्यात पाऊस झाला की सोयाबीन. रस्त्याने जाणारा प्रत्येकजण वर्षभर बघेल, अर्धी हळद, अर्धं सोयाबीन, आणि विचारेल असं का. मी सांगेन. कुंपणाने शेत खाल्लं म्हणून सांगेन. पहिला वाफा सगळ्यांनी मिळून लावला. माझ्या बाजूला रूपाबाई होत्या. मी त्यांना विचारलं, तो दुसरा पंजा कोणाचा होता? म्हणाल्या, 'निताचा. जाताना सांगून गेली, माझा बी उमटव, आन ज्योतीच्या बाजूलाच उमटव.'

त्या दिवशी विचारल्यावर सांगितलं असतं तर, असं आधी मनात आलं. मग आलं, सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला असता का? नसता ठेवला. मी वाफ्यात बसूनच रडले. रूपाबाईंनी बघितलं आणि दुसरीकडे तोंड केलं.

शितलचं मी कोणाला बोलले नाही. यांनाही नाही. कितवा महिना, डॉक्टर काय म्हणतात, पोट वर आहे की खाली, हे सगळं विचारावंसं वाटतं, रोज वाटतं. विचारणार नाही. दिवस उजाडला की तूच कळव. आणि पुढच्या वर्षी ढीग झाकायला ये, तुझा पंजा तुझ्याच हाताने उमटव. मी सोडलेली जागा तीच राहील.

या पत्रात काय काय लिहून बसले ते मला आता आठवत नाही. पाकीट चिकटवते आहे. पुन्हा उघडणार नाही.

तुझी,
ज्योती